थिरथिऱ्याचा रकाना

पहिल्या वर्षीच्या माझ्या वहीत 19 फेब्रुवारी 2023 या तारखेखाली एक ओळ आहे: ‘सकाळी 8.10. जास्वंदीवर जांभळा शिंजीर आला.’ फार आनंदाने लिहिलेली ती ओळ चुकीची आहे. शिंजीर आला नव्हता. सगळा हिवाळा तो आमच्याच बागेत, याच जास्वंदीवर होता, फक्त वेगळ्या कपड्यांत. विणीचा हंगाम सरला की नराचा चकाकता जांभळा-निळा रंग जातो. तो मादीसारखा मळकट पिवळसर होतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक काळसर पट्टा तेवढा उरतो. डिसेंबरात स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी त्याला रोज बघत होते. ‘ती गळ्यावर रेघ असलेली पिवळी चिमणी’ एवढीच त्याची मला ओळख होती. पुढच्या हिवाळ्यात लक्ष ठेवून पाहिलं, तेव्हा त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना एकेक जांभळा ठिपका फुटताना दिसला. मग मागची वही काढून त्या ओळीखाली पेन्सिलीने लिहिलं: ‘आला नाही. होताच. रंग आला.’

वसंतात बागेत कोण कोण येतं ते टिपायचं, एवढ्याच हेतूने मी बसायला लागले होते. आता तीन वसंत झाले. या तीन वर्षांत माझ्या वहीतला सगळ्यात अवघड शब्द कुठला ठरला असेल, तर तो ‘आला’.

इंदूरला टिळकनगरात सासऱ्यांनी बांधलेलं आमचं घर आहे. आजूबाजूच्या प्लॉटांवर आता चार-चार मजली इमारती झाल्या, पण आमच्या मागच्या अंगणात साधारण तीस बाय चाळीस फुटांची बाग टिकली आहे. एक आंबा, कोपऱ्यात कडुनिंब, भिंतीलगत शेवगा, दोन पपया, कढीपत्ता, जास्वंदीचं दाट झुडूप आणि मध्ये तुळशीवृंदावन. पक्षी बघायचे तर धार रोडवर सिरपूरचा तलाव आहे, 2022 साली तो आणि यशवंतसागर, दोन्ही रामसर स्थळांच्या यादीत गेले; तिथे जा, असं मला अनेकांनी सांगितलं. गेलेही. बदकं पाहिली, फार आवडली. पण तिथे महिन्यातून एकदा जाऊन जे कळतं ते वेगळं, आणि एकाच ओट्यावर रोज बसून जे कळतं ते वेगळं. मला दुसरं हवं होतं.

सुरुवात भाचीमुळे झाली. ती पुण्याला असते. फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस जगभरातले लोक आपापल्या अंगणातले पक्षी मोजतात. ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असं त्या उपक्रमाचं नाव. अमेरिकेत तो 1998 साली सुरू झाला आणि 2013 पासून भारतातले लोकही त्यात आहेत. भाचीने फोनवर नियम सांगितले: ‘मामी, एका जागी निदान पंधरा मिनिटं बसायचं. जे दिसेल ते सगळं लिहायचं, नुसतं खास तेवढं नाही. कावळा, कबुतर, काही सोडायचं नाही. आणि ऐकू आलेलंही लिहायचं.’

17 फेब्रुवारीला, शुक्रवारी, मी पहिली यादी केली. पंधरा मिनिटांत नऊ जाती. ऐकू आलेल्यांच्या जागी काहीच नाही, कारण मला आवाज कळतच नव्हते. यादी संपवून मी ओट्यावर बसलेल्या माईंना वाचून दाखवली. माई म्हणजे माझ्या सासूबाई. तेव्हा त्या चौऱ्याऐंशीच्या होत्या. डोळ्यांच्या पडद्याच्या आजारामुळे त्यांना कडेकडेचं थोडं दिसतं, समोरचं नेमकं काही दिसत नाही. सकाळी आठ ते दहा उन्हाला पाठ देऊन बसणं हा त्यांचा नेम.

‘नऊच?’ माई म्हणाल्या. ‘अगं, शिंपी मघापासून ओरडतोय कढीपत्त्यात, तो नाही धरलास? आणि चष्मेवाल्यांचा थवा गेला आंब्यातून.’

मी जाऊन पाहिलं. शिंपी खरंच कढीपत्त्यात होता, माझ्यापासून सहा फुटांवर. चष्मेवाले पुढच्या फेरीला दिसले, आठ. माईंचं माहेर धारचं. वाड्यामागे मोठी चिंच आणि आंब्यांची राई होती. तिथे लहानपणी कानांवर पडलेलं त्यांनी जपून ठेवलं आहे, आणि नजर गेल्यापासून ते आणखी टोकदार झालं आहे. त्या दिवसापासून यादी दोघींची झाली. त्या ऐकणार, मी बघणार.

बसण्याचंही एक तंत्र निघालं. पहिले दोन दिवस मी पूर्वेकडे तोंड करून बसत होते. समोर सूर्य, त्यामुळे फांदीवरचा प्रत्येक पक्षी काळाच दिसायचा. तिसऱ्या दिवशी खुर्च्या पूर्वेच्या भिंतीलगत नेल्या. माईंना पाठीवर ऊन मिळालं, मला समोर रंग. दुर्बीण आठ बाय बेचाळीसची घेतली, त्याहून मोठी घेतली की माझे हात थरथरतात. पक्ष्यावरची नजर न काढता दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची, हे जमायला मात्र महिना गेला. आधी खाली दुर्बिणीकडे बघून मग फांदी शोधायला गेलं की पक्षी हरवतोच.

पाण्यासाठी मातीचं परळ ठेवलं, दोन बोटं खोल, मध्ये एक खडबडीत दगड. खोल भांड्यात लहान पक्षी उतरत नाहीत. पाणी रोज ओतून टाकायचं आणि परळ काथ्याने घासायचं, नाहीतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी डासांच्या अळ्या दिसतात.

वाद झाला तो पालापाचोळ्यावरून. आमचं शहर 2017 पासून स्वच्छतेत सलग पहिलं येतंय आणि मला त्याचा खरा अभिमान आहे. ओला-सुका कचरा वेगळा करणं इथे पोरासोरांच्या अंगवळणी पडलं आहे. पण आंब्याखालचा पाला मी झाडायचा थांबवला, तेव्हा शेजारच्या काकी भिंतीवरून म्हणाल्या, ‘भाभी, पत्ते पड़े रहते हैं, गाड़ी में क्यों नहीं डालतीं?’ मी त्यांना बोलावून घेतलं आणि दहा मिनिटं खुर्चीत बसवलं. सातभाईंची टोळी आली, एकेक पान उलटून खालचे किडे खाऊ लागली. एकाने तर गोम ओढून काढली. काकी काही बोलल्या नाहीत. पण आता त्यांच्या सीताफळाखालीही हातभर रुंदीचा पाला असतो. ओट्यावरचा, फाटकासमोरचा पाला आजही मी रोज गोळा करते. झाडाखालचा मात्र झाडाचा.

आता कोकिळेचं सांगते, कारण खरी अडचण तिथे सुरू झाली.

20 फेब्रुवारी 2023, सोमवती अमावस्या. पहाटे सहाच्या आधी माईंनी मला हाक मारून उठवलं. ‘कोकिळा आली. लिही.’ मी दार उघडलं तर शेजारच्या पिंपळावरून स्पष्ट कुहू. मी लिहिलं: ‘कोकिळा आली, 5.50.’ खरं तर कुहू करणारा तो नर, काळाभोर, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, आणि तिचा आवाज किक्-किक्-किक् असा कर्कश. पण आमच्या घरात ‘कोकिळा बोलली’ असंच म्हणतात, तर तसंच राहू दे.

त्याच वर्षी डिसेंबरात पिकून फुटलेल्या पपईवर मला ठिपक्यांचा एक मोठा पक्षी बसलेला दिसला. पुस्तकाशी ताडून पाहिलं, तर कोकिळेची मादी. दोन दिवसांनी काळा नरही. दोघं चूपचाप पपई खात होती. मी धावत माईंकडे गेले. ‘माई, पपईवर कोकीळ बसलाय!’

‘शक्यच नाही. मार्गशीर्षात कुठली कोकिळा?’

मी त्यांना हात धरून झाडाजवळ नेलं. त्यांना दिसणार नव्हतंच. त्या काठीवर रेलून दहा मिनिटं कान देऊन उभ्या राहिल्या. पक्षी खात राहिला आणि उडून गेला, तोंडातून चकार शब्द न काढता. परत ओट्यावर येताना माई म्हणाल्या, ‘तू म्हणतेस तर असेल. पण जो बोललाच नाही, तो आलाय असं मी कसं म्हणू?’

रागाने नव्हत्या म्हणाल्या. त्यांच्यासाठी ते शब्दशः खरं होतं. मला रात्री झोप लागली नाही. माझ्या वहीत ‘आली’ म्हणून जी नोंद होती ती कोकिळेच्या येण्याची नव्हतीच, तिच्या बोलण्याची होती. कोकिळा इथलीच, बारमाही. थंडीत ती मुकी असते आणि म्हणून आपल्या लेखी नसते. दयाळाचंही तेच. थंडीत तो जास्वंदीखाली खुरडत असतो, फार तर एखादा चरचर आवाज करतो. फेब्रुवारी सरताना तोच पहाटे समोरच्या डिश ॲन्टेनावर चढून अशी शीळ घालतो की दूधवाला मान वर करून बघतो.

दुसऱ्या दिवशी मी वहीत दोन रकाने आखले. एक ‘दिसला’, एक ‘बोलला’. पहिला माझा, दुसरा माईंचा.

पुढे तिथीचा प्रश्न निघाला. माई सगळं तिथीने धरतात. शिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत जाते आणि मागोमाग कोकिळा बोलते, हे त्यांचं धारपासूनचं गणित. 2023 साली ते बरोबर जुळलं, शिवरात्र 18 फेब्रुवारीला होती आणि कोकिळा 20 ला बोलली. 2024 साली ती 17 फेब्रुवारीला बोलली, रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी. शिवरात्र 8 मार्चला, म्हणजे अजून वीस दिवस बाकी होते! माई अस्वस्थ झाल्या. ‘यंदा लवकर आली. उन्हाळा कडक जाणार.’ 2025 साली 19 फेब्रुवारी, शिवरात्रीच्या सात दिवस आधी.

मी त्यांच्यापुढे बसून तीनही वर्षं वाचून दाखवली. तिथीने पाहिलं तर कधी दोन दिवस नंतर, कधी वीस दिवस आधी, कधी सात दिवस आधी. तारखेने पाहिलं तर 20, 17, 19. तीन दिवसांत सगळं. चांद्रवर्ष 354 दिवसांचं, सौरवर्षापेक्षा अकरा दिवस कमी, म्हणून सण दरवर्षी मागे सरकतात आणि अधिकमास आला की महिनाभर पुढे जातात. 2023 साली श्रावण अधिक होता, त्यामुळे 2024 ची शिवरात्र लांबली होती. पक्ष्याच्या अंगातली विणीची घडी मात्र दिवसाच्या लांबीवर चालते. उजेड वाढत गेला की शरीरातली संप्रेरकं वाढतात आणि नर गाऊ लागतो. आमच्या इंदुरात 21 डिसेंबरला दिवस पावणेअकरा तासांचा असतो. 20 फेब्रुवारीपर्यंत तो साडेअकराला पोचतो. कर्कवृत्त इथून उत्तरेला, उज्जैनच्या थोडं पलीकडून जातं. सूर्य तिकडे सरकत असतो आणि आंब्यावरच्या पक्ष्याला ते आपल्याआधी कळतं.

तीन वर्षं म्हणजे काही फार नाही, हे मला माहीत आहे. पण माईंना ते पटलं. ‘म्हणजे कोकिळेचं पंचांग सूर्याचं,’ त्या म्हणाल्या. तिथी सांगणं त्यांनी सोडलं नाही, आणि मीही सोडायला सांगितलं नाही. वहीत दोन्ही लिहिते. तिथी लिहिली की तो दिवस मला आठवतो, नुसत्या तारखेने आठवत नाही.

तांबटाच्या बाबतीत माझी आणखी वेगळी फसगत झाली. 2023 च्या मार्चमध्ये कडुनिंबाच्या शेंड्यावर रोज सकाळी एक गोलमटोल हिरवा पक्षी दिसू लागला, कपाळ आणि छाती लालभडक, डोळ्याभोवती पिवळं. ‘तांबट आला,’ मी लिहिलं. मालव्यात वसंत म्हणजे आधी पानगळ असते. कडुनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये जवळजवळ उघडा पडतो, मग तांबूस कोवळी पानं फुटतात, आणि पाडव्याला गुढीला बांधायला डहाळी मिळते. तांबट त्या झाडावर आधीही होता. पानं गळली म्हणून मला दिसला. त्यात भर म्हणजे थंडीभर तो फारसा बोलत नाही आणि ऊन तापायला लागलं की दिवसभर टुक्-टुक्-टुक् सुरू. आवाज करताना चोच बंद असते आणि गळा फुगतो, हे दुर्बिणीतून पाहिलं तेव्हा मी किती तरी वेळ खुर्चीतून हलले नाही. बोलताना तो मान इकडून तिकडे फिरवत असतो, म्हणून आवाज कधी डावीकडून येतो, कधी उजवीकडून. ‘एकच आहे,’ माई म्हणायच्या, ‘तोंड फिरवतोय.’ मला मात्र दोन वाटायचे.

2024 मध्ये त्याने शेवग्याच्या एका वाळक्या, आडव्या फांदीच्या खालच्या अंगाला भोक पाडलं. ती फांदी मी मागच्याच पावसाळ्यात छाटायला सांगणार होते. नाही सांगितलं, याचं फार बरं वाटतं.

23 मार्च 2023 ची एक नोंद मी खोडली नाही, तशीच ठेवली आहे: ‘शिक्रा, आंब्यावर, बुलबुल आणि खारी आरडाओरडा करताहेत.’ राखाडी पाठ, छातीवर आडवे पट्टे, लांब पट्टेरी शेपूट, उडण्याची ढबही तीच. बुलबुलांनी शिक्रा म्हटलं, मीही म्हटलं. माई ओट्यावरून म्हणाल्या, ‘पंखांचा आवाज शिकाऱ्यासारखा नाही वाटत गं. थोडं थांब.’ थांबलो. वीसेक मिनिटांनी त्याच फांदीवरून चढत्या पट्टीत ‘पेरते व्हा! पेरते व्हा!’ सुरू झालं. पावशा. शिक्र्याचं रूप घेतलेला कोकीळवर्गातला पक्षी. दुसऱ्याच्या घरट्यात अंडं टाकायचं, तर त्या घरट्याच्या मालकिणीला दूर पळवणारं हे रूप त्याच्या फार उपयोगाचं. आमच्याकडे तो सातभाईंच्या मागे असतो. शेजारच्या काकींना त्याच्या आवाजात ‘पी कहाँ’ ऐकू येतं, माईंना पेरणीची हाक. मला आता दोन्ही ऐकू येतात.

आणि भोरड्या. 2025 च्या मार्चमध्ये, रंगपंचमीच्या आदल्या दिवशी, गल्लीच्या टोकाच्या काटेसावरीवर दोनशेच्या आसपास भोरड्या उतरल्या. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख, आणि इतका कलकलाट की माईंना घरात बसून कळलं. लाल फुलांच्या वाट्यांत डोकं खुपसून मध पिणं चालू, कपाळाला परागाची पिवळी पूड. लिहायला वही उघडली आणि ‘आल्या’ लिहिता लिहिता हात थांबला. भोरड्या भारतात जुलै-ऑगस्टमध्येच येऊन पोचतात. त्यांचं घर मध्य आशियातल्या गवताळ पठारांवर, कझाकस्तानच्या बाजूला. तिथे टोळ-नाकतोडे माजतात, त्या सुमाराला त्या हजारोंनी एकत्र घरटी करतात. मार्चमध्ये आमच्या काटेसावरीवर उतरलेल्या भोरड्या परतीच्या वाटेवरच्या होत्या, पुढच्या प्रवासासाठी पोट भरून घेत होत्या. मी लिहिलं: ‘भोरड्या, अंदाजे 200, निघालेल्या.’ दुसऱ्या दिवशी राजवाड्याच्या बाजूला गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, निघाली, सगळं शहर रंगात होतं. संध्याकाळी सावर रिकामी होती.

म्हणजे खरोखरीचा ‘आला’ कुणाचाच नाही का? आहे, हळद्याचा. सोनपिवळा, पंख काळे, डोळ्यातून गेलेली काळी रेघ. तीन हिवाळ्यांत एकदाही तो बागेत दिसला नाही की ऐकू आला नाही. थंडीत तो दक्षिणेकडे असतो, उन्हाळ्यात वीण करायला वर येतो. 2023 साली 2 एप्रिल, 2024 साली 29 मार्च, आणि यंदा 31 मार्च, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी. तीनही वेळा माईंनी आधी ऐकला. बासरीतून फुंकर निसटावी तशी एकच गोल शीळ, आणि मग एकदम शांतता. माईंनी हात वर केला, मी दुर्बीण उचलली, आणि पाच मिनिटांत आंब्याच्या आतल्या फांदीवर तो पिवळा रंग. त्या ओळीला दोन्ही रकाने भरले, एकाच तारखेने. माईंनी मला ती ओळ दोनदा वाचायला लावली.

आता थिरथिरा.

चिमणीएवढा पक्षी. नराचं डोकं, गळा, छाती काळी, पोट आणि शेपूट विटकरी. दसऱ्याच्या सुमाराला येतो आणि तुळशीवृंदावन, कपडे वाळत घालायची तार आणि पूर्वेच्या भिंतीचा कोपरा, या तीन जागा बांधून घेतो. खाली उतरून किडा उचलतो, परत जागेवर जातो, मान झुकवतो आणि शेपूट थरथरवतो. नाव त्यावरूनच पडलं. उन्हाळ्यात त्याचं घर हिमालयाच्या पलीकडच्या उंच, उघड्या प्रदेशांत असतं. भाची गेल्या जूनमध्ये लेहला गेली होती, तिथून तिने फोटो पाठवला: दगडी कुंपणावर तेच विटकरी पोट. आमचाच असेल असं नाही, पण त्याच्या गणगोतातला नक्की. फोटो माईंना दाखवता येत नाही, म्हणून मी त्याचं वर्णन केलं. दगड कसे होते, मागे जर्दाळूचं झाड होतं, आकाश किती निळं होतं.

हा एकच पक्षी असा आहे, की माईंकडे त्याचं काही नाही. थंडीत तो जवळजवळ बोलतच नाही. कधी तरी हलकंसं ‘टिक्’, तेही पलीकडच्या रस्त्यावरच्या गाड्यांत बुडून जातं. आवाज नाही आणि नजर नाही, म्हणून तो त्यांच्यासाठी सगळाच माझ्या तोंडून आहे. तरी रोज सकाळी खुर्चीत बसलं की पहिला प्रश्न तोच: ‘तुझा थिरथिरा आहे का गं?’

2023 साली मी त्याला गमावला. आल्याचा दिवस टिपता येतो. काल नव्हता, आज आहे. जाण्याचा दिवस असा समोर येत नाही. त्या मार्चमध्ये मी तांबटात, पावशात, कोकिळेत गुंतले होते. 14 मार्चला ‘थिरथिरा, तारेवर’ अशी नोंद आहे. त्यानंतर थेट 25 मार्चला: ‘थिरथिरा दिसत नाही.’ मधले दहा दिवस कोरे. तो पंधराला गेला की चोवीसला, माझ्याकडे काही नाही. नवीन कोण आलं ते बघण्याच्या नादात, पाच महिने रोज अंगणात असलेला पक्षी निघून गेला आणि मला कळलं नाही, हे मला फार लागलं. ते मी माईंना सांगितलं. माई म्हणाल्या, ‘पाहुणा जाणार असला की आपण दारापर्यंत जातो. याच्यासाठी दारातच बसावं लागेल.’

तेव्हापासून 1 मार्च ते 15 एप्रिल थिरथिऱ्यासाठी वेगळा रकाना असतो. दिसला तर बरोबरची खूण. वीस मिनिटं बसूनही दिसला नाही तर रेघ. आजारी पडले किंवा बाहेरगावी असले तर जागा रिकामी, कारण न दिसणं आणि न बघणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि वहीत त्या निराळ्या दिसायला हव्यात. 2024 साली शेवटची खूण 24 मार्चला, होळी पेटली त्या दिवशी. संध्याकाळी तो भिंतीच्या कोपऱ्यावर होता, उशिरापर्यंत. पंचविसाला रेघ. तेव्हा मला वाटलं, धुळवडीच्या गोंगाटाने दबला असेल. सव्विसाला रेघ. सत्ताविसाला रेघ. चार रेघा झाल्या तेव्हा मी चोविसाभोवती गोल केला. शेवटचं बघितलं त्या दिवशी ते शेवटचं आहे हे माहीत नव्हतं. आठवडाभराने माहीत झालं.

यंदा, 2025 मध्ये, वीस मार्चपासून मी जरा जास्तच बघत होते. रोज वाटायचं, आजचा असेल. एकविसाला तो वृंदावनावर इतका जवळ बसला की मागच्या पिसांच्या काळ्यात मिसळलेली राखाडी कडही दिसली. बाविसाला सकाळी 7.40 ला तारेवर, दोन वेळा खाली उतरला, दुसऱ्या वेळी मुंगळा घेऊन वर गेला. ते मी माईंना तसंच्या तसं सांगितलं. तेविसाला रेघ.

रेघांच्या पुढेही रोजचा प्रश्न थांबला नाही. ‘आहे का गं?’ ‘नाही, माई.’ ‘बरं, बस थोडी.’ आणि आम्ही वीस मिनिटं बसतो.

6 एप्रिलला रामनवमी होती. मी सुंठवड्याची वाटी माईंच्या हातात दिली आणि परळात पाणी ओतून मागे सरकले, तोच माईंनी हात वर केला. कोरडा, घासल्यासारखा एकच आवाज, च्वँ. ‘हा कोण?’ त्या म्हणाल्या. ‘हा मला ठाऊक नाही.’ इतक्या वर्षांत त्या असं पहिल्यांदाच म्हणाल्या. आंब्याच्या सावलीतून काही तरी लांबलचक लहरत खाली आलं. डोकं काळं-निळं, तुरा उभा, अंग तांबूस, आणि मागे अंगाच्या दुप्पट लांब दोन फिती. स्वर्गीय नर्तक, तरुण नर; पांढरं अंग यायला त्याला आणखी दोन-एक वर्षं लागतील. इथले लोक त्याला दूधराज म्हणतात, मध्य प्रदेशाचा राज्यपक्षी. चित्रात शंभर वेळा पाहिलेला, अंगणात प्रथमच. पाण्याला अंग लावून तो उडाला, परत आला, परत उडाला. मी माईंच्या कानाशी वाकून सांगत होते: आता फांदीवर, आता पाण्यावर, शेपटी भिजली आहे, आता झटकतोय. त्यांनी वाटी मांडीवर ठेवली होती. बोट परळाच्या दिशेला धरून त्या पाण्याचा आवाज ऐकत होत्या.

तो गेल्यावर मी लिहिलं: ‘स्वर्गीय नर्तक, नर, तांबूस. 10.40. परळावर, साधारण दोन मिनिटं. दिसला, बोलला.’ मग पान उलटून थिरथिऱ्याच्या रकान्यात त्या दिवशीची रेघ मारली.